वन्संच्या ओव्यांची तीन मिनिटं

शनिवार, फेब्रुवारीतला दुसरा. सकाळी साडेदहा, बेंगळुरूतलं येलहंका, आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फ्लॅट. हजर: अध्यक्ष, त्यांच्या पत्नी, न्यूझीलंड ट्रिपच्या कोच-बसमधले आणखी अकरा जण, माझे यजमान आणि मी. गैरहजर: वन्सं. कोणी विचारलं तर गुडघा दुखतोय असं सांगायचं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही.

ट्रिपचा व्हिडिओ वार्षिक कार्यक्रमात दाखवायचा होता, म्हणून आधी सगळ्यांनी बघायचा. अध्यक्षांनी फोन टीव्हीला जोडला. जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे झाले. अंधाऱ्या घरातला किवी पक्षी झाला, जिथे फोन बाहेर काढायला मनाई होती. नुसता काळा पडदा आणि अध्यक्षांच्या पत्नीचा आवाज, "दिसला, दिसला. नाही, दगड आहे." मग रोटोरुआजवळचं माओरी सभागृह आलं आणि आमची माणसं सिनेमाच्या गाण्यावर नाचताना दिसली. खोलीत हशा झाला. मी कप खाली ठेवला.

तिथे काय व्हायचं होतं ते लिहून ठेवते, कारण व्हिडिओत ते नाही.

माओरी लोक पाहुण्यांना थेट आत घेत नाहीत. आधी त्यांची एक वयस्क बाई लांब सुरात हाक देते. पाहुण्यांनी सावकाश चालत जायचं. त्यांचा माणूस बोलतो आणि त्याच्या पाठीशी उभी राहून त्याची माणसं गातात. मग पाहुण्यांपैकी एकाने बोलायचं आणि पाहुण्यांनी गायचं. गाण्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. टूर मॅनेजरने हे निघण्याच्या दोन महिने आधी कळवलं होतं. मंडळाच्या सगळ्या याद्या माझ्याकडे असतात, म्हणून मी ग्रुपवर विचारलं, कोण गाणार? सगळ्यांनी अंगठे पाठवले. नाव एकानेही दिलं नाही.

"वहिनी, मी म्हटलं तर चालेल?" वन्संनी विचारलं.

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून चामराजपेटला आमच्याकडेच असतात. गल्ली त्यांना अक्का म्हणते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मी खूप आठवून बघितलं आहे. निपाणीकडच्या, त्यांच्या आईच्या, जात्यावरच्या चार ओव्या. दीड महिना रोज स्वयंपाकघरात चालायच्या. कुकरची शिट्टी झाली की थांबायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या दुकानातली बाई म्हणाली, "अक्का, परीक्षा आहे काय?"

"आहे ना," वन्सं म्हणाल्या. "तोंडी."

मी घड्याळ लावून बघितलं. तीन मिनिटं. यादीत तसं लिहिलं.

त्या दिवशी कोच उशिरा पोचला, कारण अध्यक्षांना वाटेत मेंढ्यांबरोबर फोटो हवे होते. दारातून हाक आली तेव्हा वन्संनी माझं मनगट धरलं. "हा गळा जात्यावरचाच आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग आमच्या वतीने अध्यक्ष बोलले. बेंगळुरूची हवा, बेंगळुरूचं ट्रॅफिक आणि मुलाची कंपनी, अशी बारा मिनिटं. समोरची माणसं ताठ उभी राहून ऐकत होती. वन्संनी पदर खोचला आणि त्या पुढे झाल्या. तेवढ्यात अध्यक्ष घड्याळ दाखवत माझ्याकडे आले.

"दोनला इंडियन लंच बंद होतंय. फोनवर एक गाणं लावतो, सगळे नाचतील. लावू?"

येलहंक्याच्या खोलीत ते गाणं संपत आलं होतं. मी म्हटलं, "हा भाग दाखवायचा नाही."

"अहो, इतकं एन्जॉय केलंय सगळ्यांनी. तुमच्या वन्सं पण टाळ्या वाजवतायत, बघा की."

वाजवत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात, पदर अजून खोचलेला. नाचात नव्हत्या. आणि ती हाक देणारी बाई नाच बघत नव्हती, वन्संकडे बघत होती.

"त्यांनी पाठ करून आणलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही वरणभातासाठी त्या लोकांच्या दारात फोन वाजवलात."

"तुम्हाला विचारूनच लावला होता," अध्यक्ष म्हणाले. "आठवतंय ना?"

आठवतंय. मी घड्याळ बघितलं होतं. कोच, जेवण, पुढची गुहा, असं सगळं डोक्यात जुळवलं होतं आणि म्हटलं होतं, "सरी, ठीक आहे, लावा." वन्सं माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या.

त्यानंतर मी उरलेला चहासुद्धा घेतला नाही. रिक्षात यजमान म्हणाले, "जाऊ दे. अक्का विसरलीही असेल."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"नाही."

"मग बोलू नका."

त्या दिवशी सभागृहातून निघताना हाक देणाऱ्या त्या माओरी बाईंनी वन्संच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं. ती त्यांची भेटायची रीत. सगळ्यांशी झटकन झालं होतं, वन्संशी बराच वेळ. टूर मॅनेजरकरवी म्हणाल्या, "तुम्ही गाणार होतात. ते आम्हाला पाठवा, आम्ही सगळे बसून ऐकू." पत्ता माझ्या वहीत लिहून दिला, कारण वही माझ्याच हातात होती.

घरी पोचले तेव्हा वन्सं कोथिंबीर निवडत होत्या.

"वन्सं, आज ओव्या रेकॉर्ड करू या. दार लावून घेते."

"कुकर लावायचाय."

"मी लावते."

"बघू, वहिनी." काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. "कसा झाला व्हिडिओ?"

"वाईट," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य तोंडात असताना कुकर शोधायला उठले.

परत आल्यापासून स्वयंपाकघरात ओवी ऐकू आलेली नाही. ट्रिपच्या वहीत सत्तावीस कामं होती. उसन्या घेतलेल्या बॅगा परत केल्या, औषधांची पेटी दिली, फोटो वाटले. सव्वीस कामांवर खूण आहे. राहिलेल्या ओळीत "वन्संच्या ओव्या पाठवणे" असं आहे. आज तिच्या वर, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली: वन्संची माफी मागणे. ते झालेलं नाही.