टाचणी, कात्री आणि नसलेला दोरा

मंडळी, आज आमच्या ताडकळसजवळच्या शाळेत दुसरीच्या प्रज्ञानं मला उत्तर सांगूच दिलं नाही.

जुन्या स्पीकरचं चुंबक मी स्टुलाखाली बांधलं होतं. खाली फरशीला चिकटवलेल्या दोऱ्याला बांधलेली टाचणी त्याला न टेकता हवेत उभी राहिली.

प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, वर बी दोरा हाय, नुसता दिसंना." लगेच तिनं मधल्या मोकळ्या जागेत कात्री चालवली. टाचणी पडली! पोरं ओरडली, "तुटला!"

कात्री लोखंडी आहे, चुंबकाची ओढ तीच अडवते, हे मी सांगणार, तोवर तिनं टाचणी उचलून परत वर धरली. टाचणी पुन्हा तरंगली.

"तुटलेला दोरा आपोआप कसा जुळंल? दुसरंच कायतरी हाय."

जिभेवर आलेलं उत्तर गिळून मी तिला लाकडी पट्टी दिली. "आता हिनं काप."

तुम्ही असतात, तर उत्तर सांगून टाकलं असतं का?