दादाची व्हॅन आणि अंगणातलं ऊन

भाचीचा फोन आला तेव्हा मी गिरगावातल्या आमच्या खोलीत तांदूळ निवडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच ती बोलली... आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "आणि गावाक कोण जातला आता?" महिना उलटला, तरी तेच मनात येतं.

दादा माझा थोरला भाऊ, लालबागच्या चाळीतला. तरुणपणी गिरणीत कार्डिंगला, कापूस पिंजायच्या खात्यात होता. कापसाच्या तुसाने छाती पोखरली ती तिथेच. गिरणी संपात गावी आईला निरोप धाडला होता, "संप मिटलो की गणपतीक येतंय." संप कसला मिटतो! गिरण्याच मिटल्या, मग आई गेली. तिच्या कार्यानंतर दादाने गावात पाऊल ठेवलं नाही. रिकाम्या हाताने काय जायचं, म्हणे. आणि गेल्या दिवाळीत, नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, तेव्हा म्हणतो कसा, येत्या गणपतीला जायचंच! गावात पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. मशीन थांबलं की दादाही थांबणार.

दादाच्या जावयाने शाळेची जुनी व्हॅन घेतली. आत खाट, टपावर सोलरचं पॅनेल, खाटेखाली बॅटरी. दादा खुर्चीतून हुकूम सोडायचा. पंखा नको, चहाची किटली नको, असेल नसेल ते ऊन मशीनला. डॉक्टरांची अट एकच होती, नुसत्या उन्हावर भरलेल्या बॅटरीवर मशीन रात्रभर चालवून दाखवा, मगच जा.

नाही चाललं. दर वेळी उजाडायच्या आतच मशीन बोंबलायला लागे. चाळीच्या अंगणात ऊन दुपारपर्यंतच, मग दादाच्या गिरणीच्या जागेवरल्या टॉवरची सावली पडते. जावई म्हणाला, टॉवरच्या आवारात दिवसभर ऊन असतं, वॉचमन ओळखीचा आहे, व्हॅन तिथे लावू. दादा ताठ! संप फसल्यावर माफी लिहून दे नि कामावर ये, असं मालक म्हणाले होते. याने दिली नाही, आणि त्या गेटातून पुन्हा आत गेला नाही.

"अरे दादा, ऊन काय मालकाच्या बापाशीचा?" मी ओरडलेच.

"जमीन त्याचीच झाली मां?" धाप टाकत म्हणाला. "माका थयला ऊन पन नको."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस. मला राग आला होता. अजून येतो... आणि रडूही येतं. चैत्रात गेला, खोलीतच, भिंतीतल्या प्लगवर मशीन चालू असताना.

परवा लालबागला गेले होते. व्हॅन अंगणात तिथेच आहे. आत खाटेवर बसले, बॅटरीचं बटण दाबलं. सगळे हिरवे दिवे लागले. इतके कधी लागलेले मी पाहिले नव्हते. "आता रोज फुल्ल असते, आत्या," दारातून जावई म्हणाला. "ऊन तेवढंच पडतं. ओढणारं कोणी नाही ना."