बिनसाखरेची वडी

संक्रांतीच्या सकाळी आमच्या घरी दोन डबे आले, एक माझ्या नावाचा, एक आईच्या. पाठवणारी होती ती बलाढ्य मोबाइल कंपनी, जिच्यावर लोकांच्या खासगी गोष्टी चोरून ऐकल्याचा आरोप वर्षभर गाजत होता. डब्यावर छापलं होतं, 'झालं गेलं विसरा, गोड बोला.'

मला हसूच आलं. वर्षभर अबोला धरलेल्या जावासुद्धा या दिवशी एकमेकींच्या हातावर तिळगूळ ठेवतात, हे कंपनीला कुणीतरी बरोबर सांगितलं होतं.

माझ्या डब्यात गुळाच्या वड्या होत्या. आईच्या डब्यात चिठ्ठी होती, 'खास तुमच्यासाठी, मधुमेहींना चालतील अशा.'

"चुकून आलेला दिसतोय," मी म्हटलं.

आई डब्याकडेच बघत राहिली.

"आई, तुला मधुमेह आहे?"

"दिवाळीनंतर निघाला गं. तू उगाच काळजी करशील म्हणून बोलले नाही." मग टेबलावरच्या मोबाइलकडे बघत ती हळूच म्हणाली, "फक्त याला विचारलं होतं, काय खाऊ नि काय नको."

कंपनीचा संताप आला, पण तो तोंडातून बाहेर पडेना. दिवाळीनंतरही रोज सकाळी मी आईच्या चहात दोन चमचे साखर घालत होते.