काठाचं हिरवं पाणी

कंपनीतल्या कामासाठी बजाजनगरात राहते, पण तिथं माझं मन म्हणून लागत नाही. रविवार आला की पैठणच्या गाडीत बसायचं, माहेर गाठायचं आणि वडलांशी, अण्णांशी, भांडून परत यायचं. भांडण एकच, युरियाचं.

आमचं अर्धं रान धरणात गेलं. हिवाळ्यापासून पाणी मागं सरकायला लागतं, बुडालेलं रान उघडं पडतं आणि अण्णा पाण्याच्या मागं मागं पेरत जातात. गाळपेर म्हणतात त्याला. गाळ असा कसदार, की नुसतं बी फेकलं तरी येतं. पण यंदा अण्णांना मक्याची घाई. पाणी परत चढायच्या आत उरकायचं म्हणून थेट काठापर्यंत युरिया फेकला. वर धरणातच मोटर लावून रान भिजवलं. ते पाणी युरिया घेऊन पुन्हा धरणातच.

उथळ कोपरा शेवाळानं हिरवागार झाला, पालक वाटून ओतल्यासारखा. तळाचं गवत सडलं, मासे उताणे पडले. चिखलात चोची खुपसणारी पाखरं दिसंनात. वास तर विचारूच नका!

"अण्णा, खत मक्याला घालताय का धरणाला?"

"तू तुझं कंपनीत पॅकिंग कर. मला शेती शिकवू नको."

मी तणतणत बाहेर आले, तर मेंढ्यांवाली मावशी काठाला उतरत होती. दर उन्हाळ्यात ती कळप घेऊन आमच्या काठाला येते. दिवसभर चाललेल्या मेंढ्या पाण्याकडं धावल्या.

"मावशे, वळव गं त्यांना! पाणी खराब हाय!"

"आगं, लई वर्षं हेच पाजतीय," ती हसली. तोवर पुढच्या मेंढ्यांनी तोंड घातलं होतं.

मी परतीची गाडी सोडली. सोमवारची ड्यूटी गेली खड्ड्यात.

सकाळी दोन मेंढ्या पाय ताणून पडलेल्या. मावशी ना शिव्या देत होती, ना रडत होती. राहिलेल्या मेंढ्या पाण्याकडं ओढ घेत होत्या. ती काठी आडवी धरून उभी होती. अण्णा आले तशी म्हणाली,

"पाटील, गेल्या त्या गेल्या. ह्यांना आता पाजू कुठं, तेवढं सांगा."

अण्णांनी लगबगीनं जाऊन मोटर चालू केली, पाइप मेंढ्यांकडं वळवला. धार हिरवी आली. मी पळत जाऊन मोटर बंद केली. अण्णा पाइप हातात धरून तसेच उभे, आणि मेंढ्या ओरडत होत्या.