झरीत ऐकलेला देवाचा राग

नाशिकहून निघालेली एसटी डहाणूला टेकली, तेव्हा जव्हारच्या घाटाने डोकं तापलेलं होतं. ख्रिस्ती उपदेशक असलेला माझा मावसभाऊ सॅमसन याने तलासरीपुढच्या झरी गावातल्या प्रार्थनासभेला आग्रहाने बोलावलं होतं. डहाणूहून रिक्षा केली, ती आशागडला पंक्चर झाली.

"बसा ताई, चिकू खावा. देव पोचवेल," रिक्षावाला म्हणाला.

"देवाने तुला स्टेपनी ठेवायला नको म्हटलं होतं का?" मी विचारलं. चिकू मात्र खाल्ले. गोड होते.

पंक्चर काढून, तलासरी मागे टाकून झरीला पोचले तर सभा रंगात आलेली. ताडपत्रीखाली पुढेच लखमा नावाचा बाप आपल्या पोशीला (मुलीला) मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्या बायकोशेजारी टेकले.

"हिला फिट येते," ती कुजबुजली. "सरकारी दवाखान्याच्या गोळीने थांबली होती. आमच्यात भगताचा (मंत्राने उपचार करणाऱ्याचा) दोरा बांधला की दुसरं औषध चालत नाय. तसंच आता तुमचा देव धरला, म्हणून गोळी बंद केली."

"सॅमसनला माहीत आहे?"

"हो. भाऊ बोलले, याला म्हणतात विश्वास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सॅमसन शास्त्रातली नेमकी तशीच गोष्ट वाचत होता. फिट येणाऱ्या मुलाला बाप घेऊन येतो, शिष्यांना काही जमत नाही, आणि प्रभू संतापतो, या अविश्वासी लोकांना आणखी किती सोसू म्हणून. एवढ्यात पोशीचे डोळे फिरले, अंग ताठ झालं. मी पुढे झाले, तिला कुशीवर केलं.

सॅमसनने लखमाच्या खांद्यावर हात ठेवला. "विश्वास कमी पडतोय, लखमा."

"भाऊ, होता तेवढा सगळा ठेवला. आता कुठून आणू?"

"पुढचं वाच, सॅमसन," मी ओरडले. "बाप म्हणाला, माझा विश्वास अपुरा आहे, मदत कर. प्रभूने त्याला हाकललं नाही, पोराला बरं केलं. चिडला तो कुणावर? आजूबाजूला नुसत्या उभ्या राहिलेल्यांवर. तुझ्यामाझ्यावर."

"ताई, सभेत नको."

मी पोशीसकट लखमाला बाहेर थांबलेल्या रिक्षाकडे वळवलं. त्याची बायको थबकली. "गोळी दिली तर देव रागावेल?"

"रागावला तर माझं नाव सांग."

तलासरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला ठेवून घेतलं. लखमा दाराशी उकिडवा बसून राहिला. त्याला भाकरी दिली, ती त्याने हातातच धरून ठेवली.

परतताना मी धुमसतच होते. देव इतका का चिडतो, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. अविश्वासी लखमा नव्हता. दवाखान्याच्या गोळीतही देवाचा हात असू शकतो, एवढं ज्याला मानवत नाही, तो अविश्वासी. आणि तोच हातात शास्त्र घेऊन उभा होता.

डहाणूला एसटीत बसले आणि सॅमसनचा फोन आला.

"ताई, अजून रागावली आहेस?"

"मुलगी कशी आहे, हे आधी विचार," म्हणाले आणि फोन ठेवला.