ग्राफिक्स कार्ड माझं आहे

आमच्या घरात आणि नात्यात एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे. नातीनं लाडीगोडी लावून आजोबाच्या ठेवीतून गेमचं कार्ड उकळलं आणि मग अभ्यास बुडवला. हे साफ खोटं आहे. ते कार्ड मला हवं होतं, माझ्या खेळासाठी हवं होतं. नात तेव्हा गप्प राहिली, मी त्याहून गप्प राहिलो. आता राहणार नाही.

मी चादरीच्या कारखान्यात मास्तर होतो. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं. निवृत्त झालो, पुढं बायकोही गेली, आणि दुपारी खायला उठायला लागल्या. मुलगा आणि सून नोकरीवर, नात इंजिनिअरिंगच्या कॉलेजात. तिचा कंप्युटर मोकळाच असायचा. तिनंच एकदा गंमत म्हणून मला ट्रक चालवायचा गेम लावून दिला. माल भरायचा आणि परमुलखातल्या रस्त्यांनी पोचवायचा. मी जन्मात सायकलीपलीकडं काही चालवलं नव्हतं. आमच्या गठ्ठ्यांचे ट्रक निघायचे, ते मी फाटकापर्यंतच पाहिलेले. आता फाटकाबाहेर मीच होतो.

पण घाट लागला की चित्र अडकायचं, आणि ते सुटेपर्यंत ट्रक दरीत गेलेला असायचा.

"तुमचं काही चुकत नाही, आजोबा," नात म्हणाली. "चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. ते आपल्यात नाहीच की."

"मग घेऊ. चांगल्यातलं घेऊ."

"चांगलं म्हणजे महाग नव्हे. आपला प्रोसेसर जुना, पडदा साधा. भारी कार्ड बसवलं तर प्रोसेसर त्याला काम पुरवणार नाही, ते नुसतं बसून राहील. मागच्या वर्षीचं, मधल्या दर्जाचं घ्यायचं. वॉरंटीसकट."

मला हे लगेच पटलं. मागाला सुताच्या कांड्या भरून देणारा संथ असेल तर माग कितीही पळणारा असून उपयोग काय?

दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "काका, पोरीसाठी का?"

"हो, हिच्यासाठीच," मी म्हणालो.

ते तोंडातून निसटलं नव्हतं. देवळाच्या कट्ट्यावरचे सोबती माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांच्यातला एकजण नवे बूट घालून आला, तर "स्थळ बघायला निघालास व्हय?" म्हणून आम्ही त्याला आठवडाभर पिडलं होतं. त्यात मी पुढं होतो. म्हातारा गेम खेळतो हे कळलं असतं, तर माझं काय केलं असतं?

दुकानदारानं दोन कार्डं समोर ठेवली. एक नातीनं निवडलेलं, दोन पंख्यांचं. दुसरं तीन पंख्यांचं, थोडंच महाग. मी दोन्ही हातांत तोलली. सोलापुरात चादर तोलल्याशिवाय कोणी घेत नाही. हलकी लागली की सूत कमी घातलंय असं समजायचं. तीन पंख्यांचं विटेसारखं जड होतं.

"हे द्या."

नात कानाशी आली. "आजोबा, ही काय चादर आहे का? त्यात वजन पत्र्याचं आहे."

"माल जड हाय काका, लई वर्षं चालंल," दुकानदार म्हणाला. गिऱ्हाईक त्यानं ओळखलं होतं.

घरी आणलं तर कार्ड कंप्युटरच्या डब्यात मावेना. लांबीच जास्त. वर नात म्हणाली, एवढ्या कार्डाला आपला वीजपुरवठ्याचा खोकाही पुरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदाराची कुरकुर ऐकत बदलून आणलं, तिनं निवडलेलंच. त्या दुपारी घाट असा सरसर उतरलो की मी एकटाच ओरडलो.

संध्याकाळी मुलानं कार्डाचं रिकामं खोकं पाहिलं. "आजोबांना पटवलंस म्हणायचं," तो लेकीला म्हणाला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चहावर फुंकर घालत बसलो. "हो," ती म्हणाली. तिनं माझी अब्रू झाकली, आणि मी ती झाकू दिली.

त्याच सत्रात तिचा गणिताचा पेपर राहिला. खापर कार्डावर फुटलं. पुढं वळसंगच्या एका लग्नात तिथल्याच एका पाहुण्यानं भर पंगतीत विचारलं, "आजोबाला गंडवणारी ती हीच का?" ती हसली आणि ताटावरून उठली. मी जेवत राहिलो.

पुढं ती सगळे विषय सोडवून पास झाली. आता तिला पुण्यात गेम बनवायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, आणि मुलगा अडून बसला. "गेमच्या नादानं एकदा बुडालीस. पुन्हा तेच? जमणार नाही."

"बुडाली कोण?" मी म्हणालो. "ते कार्ड माझं आहे. रोज दुपारी मी खेळतो."

"अण्णा, तिच्यासाठी खोटं बोलू नका. या वयात तुम्ही गेम खेळणार?"

"याच वयात! नोकरी करताना वेळ कुठं होता?"

त्याला पटेना. पण माझा शब्द मोडवेना म्हणून कसनुसं हसत तो म्हणाला, "बरं, जाऊ दे तिला. कंप्युटरही घेऊन जाऊ दे."

"कंप्युटर नेऊ दे. कार्ड काढून ठेवायचं."

"तिला लागेल ना ते?"

"तिला तिच्या कामाचं नवं घेऊ, तीच निवडेल. मला हे बसवायला एखादा जुना कंप्युटर बघून द्या. पण या कार्डाला हात लावायचा नाही. माझा माल अर्ध्या वाटेत आहे."

सून तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अहो, खरंच त्यांचं आहे की हो!"

नातीसाठी मी जीवही दिला असता, हे मुलाला ठाऊक आहे. कार्ड देत नाही म्हटल्यावर त्याला खरं काय ते कळलं. तो लेकीजवळ जाऊन उभा राहिला. चुकलं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. "फी कधी भरायची?" एवढंच त्यानं विचारलं.

कट्ट्यावरही सांगून आलो. "लायसन काढलंस का?" म्हणून अजून चिडवतात. चिडवू देत. रविवारी वळसंगला जाणार आहे, त्या पाहुण्याच्या दारात. भर पंगतीत बोलला होता, तेव्हा त्यानं घरातली सगळी माणसं बाहेर बोलवावीत. मला जे सांगायचंय ते सगळ्यांसमोर सांगणार आहे.