खालचा सूर

परवा भाचीच्या लग्नात सगळ्यांनी फिलोमावशीला गायचा आग्रह केला. वसईच्या चर्चमध्ये गाणाऱ्या चार मैत्रिणींचा तिचा ग्रुप पुढे तीस वर्षं हॉटेलांतून गाजला. बाकीच्या तिघी आता राहिल्या नाहीत.

मावशीने डोळे मिटून त्यांचं सर्वांत लाडकं गाणं सुरू केलं, पण ते कुणाला ओळखूच येईना. ती जन्मभर खालचा सूर धरत आली होती; चाल त्या तिघींच्या गळ्यात होती. गाणं तिचंच, पण तिच्या एकटीचं कधीच नव्हतं.

दोन ओळींनंतर ती थांबली.

"मावशी, पुढे गा ना," मी म्हणाले.

"कशी गाऊ, बाय? माझ्याकडं एवढंच आहे."

चाल मला पाठ होती. मी तोंड उघडलं, पण सूर लागेना.

गाणं संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.